सरळ नाकातला उंचवटा

वाशीम, रिसोड, कारंज्याकडे स्थळाची चौकशी करताना 'नाकीडोळी नीटस' हे शब्द अजून ऐकू येतात. नाकावरचा उंचवटा काढून द्या म्हणत आलेली मुलगी मोबाइलमध्ये बाजूने काढलेला स्वतःचा फोटो दाखवते. सर्जन फोटो बघतो, पण त्याचा खरा विश्वास बोटावर. ते नाकाच्या दांड्यावरून सावकाश फिरतं.

वर हाड लागतं, खाली कूर्चा. उंचवटा बहुधा या दोहोंच्या सांध्यावर असतो आणि नेमकी तिथेच कातडी सर्वांत पातळ. आतला सांगाडा पट्टीसारखा सरळ केला, तर बाहेरून नाक बसकं दिसतं. सरळ दिसणाऱ्या नाकात थोडा उंचवटा राखावाच लागतो. या कामातलं सगळं कसब त्या 'थोडा'मध्ये आहे.

कूर्चा सुरीने तासतात, हाड पटाशीने किंवा कानशीने. माथा काढला की नाक वरून उघडं पडतं, समोरून रुंद दिसतं. मग दोन्हीकडची हाडं मुळाशी कापून जवळ आणायची. मधल्या कूर्चांना आधार मिळाला नाही, तर पुढे त्या आत खचतात आणि श्वास अडतो. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यातल्या कूर्चेच्या बारीक पट्ट्या तिथे बसवण्याची रीत जॅक शीन यांनी १९८४ साली मांडली. नाक देखणं झालं आणि श्वास कोंडला, तर ती शस्त्रक्रिया फसलीच.

बर्लिनच्या जाक जोसेफ यांनी १८९८ साली मोठं नाक लहान करून दाखवलं. त्याच्या शतकभर आधी पुण्याजवळ नाक नव्याने घडवलं जात होतं. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी या गाडीवानाला विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीचं नाक दिलं. आधी मेणाचा साचा, मग कपाळावर आखणी, शेवटी सुरी. ऑक्टोबर १७९४ च्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकिकत छापून आली. कारागिराचं नाव मात्र त्यात नाही. हे वाचताना आजही चुटपुट लागते.

काही उंचवटे जन्माचे नसतात. दुचाकीवरून पडून नाक मोडतं, सूज ओसरली की लोक ते विसरतात आणि हाड वाकडंच जुळतं. मोठ्या माणसाचं असं नाक साधारण दोन आठवड्यांच्या आत जागेवर बसवता येतं, मुलांचं त्याहून लवकर बसवावं लागतं. २०२४ मध्ये वाशीमला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथल्या अपघात विभागात टाके घालताना कुणी नाकाच्या दांड्यावरूनही बोट फिरवलं, तर पुढची पटाशी पुष्कळदा टळेल.