निरोगी झाडंही का तोडतात?

सूचिपर्णी झाडं बारमाही हिरवी असतात, हे आपण शाळेत पाठ केलेलं. लार्च हा नियम मोडतो. शरद ऋतूत त्याच्या सुया सोनेरी होतात आणि गळून जातात. हिवाळ्यात निरोगी लार्चसुद्धा मेल्यासारखा दिसतो. आजारी कोणता, हे कळतं वसंतात, बाकीची झाडं हिरवी होतात तेव्हा.

मी नोकरीसाठी दक्षिण वेल्समध्ये राहते. इथल्या डोंगरांवर गेल्या शतकात लाकडासाठी जपानी लार्च रांगेनं लावला. तो भराभर वाढला. मग फायटोफ्थोरा रॅमोरम आला. 2009 मध्ये नैऋत्य इंग्लंडच्या लार्चवर सापडला, 2010 मध्ये वेल्समध्ये. लोक त्याला बुरशी म्हणतात. शास्त्रज्ञांच्या मते मात्र तो बुरशीसारखा दिसणारा, शेवाळांच्या जवळचा जीव आहे. लार्चच्या सुयांवर त्याचे असंख्य बीजाणू तयार होतात आणि पाऊस, धुकं, वारा त्यांना पुढच्या डोंगरावर नेतात.

हे नाव मला नवं नव्हतं. आमच्या कोकणातल्या वाडीत पावसाळ्यात सुपारी कुजून गळते, तो कोळेरोग याच फायटोफ्थोरा कुळाचा. आयर्लंडचे बटाटे 1845 मध्ये कुजले, तेही याच कुळामुळे.

फोनवर बाबांनी विचारलं, "मग मोरचूद-चुना नाही मारत तिकडे?"

वाडीत ते जमतं. पावसाआधी माणूस सुपारीवर चढतो, एकेका घोसावर बोर्डो मिश्रण फवारतो. इथे अख्खा डोंगर आहे आणि रानातल्या लार्चवर उपाय नाही. म्हणून आजारी झाडं तोडतात, आणि त्यांच्या आजूबाजूची निरोगी दिसणारीही. कुमकार्नच्या जंगलातला मोटाररस्ता या तोडीसाठी 2014 मध्ये बंद झाला, तो 2021 मध्ये उघडला.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चांगलं झाड तोडायला हात कसा उचलतो?"

मला वाटतं, खरा प्रश्न त्याआधीचा आहे. एकाच जातीचं रान लावलं की एकाचा आजार सगळ्यांचा होतो, आणि मग वाचवण्याचा मार्ग कुऱ्हाडीतूनच जातो. आता तिथे अनेक जातींची झाडं लावली आहेत. वाढ सारखी नाही, रांगा नाहीत. फोटोला तितकं देखणं नाही.

रानातून निघताना मी बुटांचा चिखल ब्रशनं खरवडून काढते. फिरायला येणाऱ्याच्या हातात एवढंच आहे.