परसातली बैठक

बंदिस्त सभागृहात गाणे ऐकणे आणि मोकळ्या आकाशाखाली, झाडाच्या बुंध्याशी जाजम अंथरून गाणे ऐकणे यांत किती अंतर आहे, हे मिरजेत आयुष्य काढलेल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात, चिंचेच्या झाडाखाली, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी उरुसाच्या निमित्ताने जी गायनसेवा रुजू केली, तिची परंपरा १९३७ साली त्यांचे देहावसान झाल्यानंतरही या गावाने जतन केली आहे. आणि तिथे रात्री जागवलेल्या वडीलधाऱ्यांच्या घरात वाढल्यामुळे असेल, भिंतींच्या आत कोंडलेला षड्ज आम्हांला नेहमीच थोडा अवघडलेला वाटतो.

आमच्या घराच्या परसात सासऱ्यांच्या हयातीपासून पौर्णिमेच्या सायंकाळी लहानशी बैठक होत आली आहे. गाणारी मुले-मुली बहुधा शिकाऊ, ऐकणारे आप्त, शेजारी आणि त्यांच्या ओळखीचे. कडुनिंबाखाली बैठक, आडाच्या बाजूला दुधाची कढई, आणि बोलावणे कोणाला असे नाहीच. पावसाळ्याचे दोन महिने ती तहकूब असते आणि भाद्रपद सरता सरता पुन्हा सुरू होते. नेमका हाच काळ डासांच्या भरभराटीचा, आणि सायंकाळ ही त्यांच्या पाळ्या बदलण्याची वेळ: अंगावर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा एडिस अजून गेलेला नसतो आणि गटारात जन्मणारा, रात्री चावणारा क्युलेक्स कामावर रुजू झालेला असतो.

मी तंबोऱ्यावर बसते. गवयाला तानेच्या ओघात हात हलवायला मोकळीक असते, तबलजीलाही एखादा क्षण सापडतो. परंतु तंबोऱ्यावरची बोटे थांबली की गाणाऱ्याचा आधारच सुटतो, त्यामुळे त्या आसनावरच्या माणसाला डास हाकलण्याची मुभा नाही. एका आश्विनी पौर्णिमेला आमच्याकडची एक मुलगी यमन मांडत असताना माझ्या उजव्या मनगटावर डास बसला. विलंबित एकतालाच्या एका आवर्तनामागून दुसरे आवर्तन जात होते आणि त्याचे करडे उदर हळूहळू तांबडे होऊन फुगत चाललेले मी अगदी जवळून पाहत होते. पुढच्या चार पायांवर तोललेला तो देह, मागचे दोन पाय वर उचललेले, आणि पायांवरची ती स्वच्छ पांढरी वलये. पोट भरल्यावर तो जड होऊन उडाला. तो म्हणण्यापेक्षा ती म्हणणे शास्त्राला धरून होईल, कारण रक्त मादीच शोषते आणि तेही अंड्यांच्या पोषणासाठी.

त्या बैठकीनंतरच्या आठवड्यात, ऐकायला आलेल्या एका विद्यार्थ्याला डेंग्यूचा ताप भरला. तो आमच्याच परसात लागला असे सिद्ध करता येणार नव्हते, तसे नाही असेही म्हणता येत नव्हते. मुलगा बरा झाला. पण ज्या अंगणात आपण माणसांना आग्रहाने बसवतो, तिथून त्यांनी आजार घेऊन जाऊ नये याची हमी देणे हा पाहुणचाराचाच भाग आहे, आणि ती देता येत नसेल तर बैठक बंद करावी, असे मी घरात स्पष्ट सांगितले. बैठक बंद करण्याची कोणाचीच तयारी नव्हती. मग बंदोबस्त करणे आले.

धूर हा आपल्याकडचा सर्वांत जुना उपाय. गोवरीवर कडुनिंबाचा पाला टाकून कोपऱ्यात घमेले ठेवायचे, ऊद घालायचा, किंवा अलीकडच्या रीतीने उदबत्तीऐवजी वेटोळ्याची कॉइल लावायची. यांतून काही प्रमाणात डास दूर राहतात हे खरे. परंतु जिथे माणसे खोल श्वास घेऊन दीर्घ स्वर लावणार, तिथे त्यांच्या नाकाशी धूर करणे हा गळ्यावर अन्याय आहे, आणि माझ्या परसात मी तो होऊ देत नाही. धुराच्या यंत्राने होणारी फवारणी साथीच्या काळात आवश्यक असते, याबद्दल दुमत नाही; मात्र तिने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना धक्का लागत नाही, आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी पंख वाळवून बाहेर पडते. निळ्या दिव्याच्या यंत्रात पतंग आणि किडे पुष्कळ मरतात. डास माणसाच्या उच्छ्वासाचा आणि अंगाच्या गंधाचा माग काढत येतात, त्यांना त्या दिव्याचे विशेष आकर्षण नाही.

या विषयात मला वाट दाखवली ती रोनाल्ड रॉस यांच्या एका जुन्या अनुभवाने. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू पाहणारे आणि १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे हेच ते रॉस. पण ही हकिकत त्याच्या कितीतरी आधीची, १८८३ सालची, बंगळूरच्या छावणीतली. त्यांच्या बंगल्यात डासांचा अतोनात उपद्रव होता. शोध घेता खिडकीबाहेरच ठेवलेल्या पिंपाच्या पाण्यात अळ्या वळवळताना त्यांना दिसल्या. पिंप पालथे करताच खोलीतले डास जवळजवळ नाहीसे झाले. अधिकाऱ्यांच्या भोजनगृहाभोवतीही अशीच भांडी होती. तीही रिकामी करावीत अशी तजवीज त्यांनी छावणीच्या अॅडज्युटंटपुढे मांडली, तेव्हा त्या गृहस्थांनी ती साफ नाकारली. डास निसर्गाने काही हेतूने निर्माण केले असतील, ते सोसणे हे आपले कर्तव्य आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. एक पिंप पालथे करण्याला विरोध करणारी माणसे मला पुढे आमच्या गल्लीतही भेटली, आणि त्यांच्याशी बोलताना मी रॉस यांचीच गोष्ट सांगत असे.

आमच्या घराच्या उत्तरेला एका सतारमेकर चाचांचा कारखाना आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते ज्या हातांना मिळाले त्यांतले दोन हात यांचे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा वाळलेला भोपळा कापून पाण्यात भिजवतात, मऊ झाला की आतला गर खरवडतात, आणि आतून काठ्यांचे टेकू देऊन त्याला आकार धरायला लावतात. जो तडकतो तो कुंपणाशी पडतो. विजेरी घेऊन मी चाचांसह त्या कुंपणाशी गेले, तेव्हा अशाच एका फुटक्या भोपळ्यात पावसाचे चहाच्या रंगाचे पाणी साठलेले होते. विजेरीच्या उजेडात हाताची सावली पडताच पाण्यातले सारे काळे दोरे वळसे घेत तळाशी गेले, आणि थोड्या वेळाने एकेक करून वर येऊन, शेपटाची श्वासनलिका पृष्ठभागाला टेकवून, डोके खाली करून लटकू लागले. मधूनच स्वल्पविरामाच्या आकाराचे कोष गडगडत खाली-वर जात होते. त्यांतून दोन दिवसांत डासच बाहेर पडायचे.

चाचा बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, "बाई, भोपळ्याला एक रात्र पाणी बास होतं. आमीच आळसानं ते आठवडाभर ठेवतो. आता काम झालं की बॅरल पालथं, आन् फुटका भोपळा उपडा. तुमी काळजी नका करू, पोरांना मी सांगतो."

नुसते ओतून देण्याने भागत नाही, हे मात्र मला सांगावे लागले. एडिसची मादी अंडी पाण्यात न सोडता भांड्याच्या आतल्या ओलसर भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी लागले की फुटतात. म्हणून भांडे रिकामे करून काथ्याने घासले पाहिजे, आणि हे आठवड्यातून एकदा झालेच पाहिजे, कारण अंड्यापासून डास होण्यास आपल्याकडच्या उष्ण हवेत जेमतेम तेवढीच मुदत पुरते. आरोग्य खात्याची माणसे याला कोरडा दिवस म्हणतात. आम्ही शनिवार धरला. कुंड्यांखालच्या बशा, पत्र्याच्या पन्हळीत अडकलेला पाला, चिमण्यांचे पाण्याचे भांडे, फ्रिजच्या मागचा ट्रे, कडुनिंबाच्या दुबेळक्यातली खोबण: ही खोबण वाळूने भरून वर मातीचा लिंपा दिला.

आड बुजवा, असा सल्ला पुष्कळांनी दिला. सासूबाईंनी ज्या आडाचे पाणी शेंदले तो बुजवण्याचे धाडस मला होईना आणि कारणही दिसेना. वर बारीक जाळी बसवली आणि आत हिवताप कार्यालयातून विनामूल्य मिळालेले गप्पी मासे सोडले. बोटाच्या पेराएवढा हा मासा दिवसभर अळ्या टिपत असतो आणि अंडी न घालता थेट पिल्ले देतो, त्यामुळे एकदा वस्ती झाली की पुन्हा आणावे लागत नाहीत. ते नदी-ओढ्यात मात्र कधीही सोडू नयेत. तिथल्या मूळच्या माशांच्या जिवावर ते वाढतात.

एवढे करून पट्टेवाला डास स्पष्टपणे कमी झाला, कारण तो जन्मस्थानापासून फारसा लांब उडत नाही. आपले आणि लगतचे आवार स्वच्छ केले की त्याचा बराच बंदोबस्त होतो. क्युलेक्सची गोष्ट निराळी. तो घाण पाण्यातला, आणि आमच्याकडे त्याची दोन ठाणी निघाली. एक, शौचकूपाच्या टाकीचा उंच वायुनळ, ज्याच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधताच तिन्हीसांजेला तिथून निघणारी रांग बंद झाली. दुसरे, मोरीचे सांडपाणी, जे कुंपणापलीकडच्या उघड्या चरात जाऊन साचत असे. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन गटारेच नाहीशी केली आणि गाव डासमुक्त केले, हे वाचून आम्हीही खड्डा घेतला. आमची माती काळी. तिच्यात पाणी मुरत नाही, म्हणून मुरूम लागेपर्यंत खणावे लागले. मध्ये भोके पाडलेली सिमेंटची टाकी, तिच्याभोवती दगडगोटे, वर खडी. गाळ टाकीच्या तळाशी बसतो, निवळ पाणी भोकांतून जमिनीत जिरते, आणि पृष्ठभागावर अंडी घालायला थेंबही उरत नाही.

राहिलेल्या चुकार डासांसाठी बैठकीच्या दिवशी दोन उभे पंखे लावतो. डास अतिशय दुबळा उडणारा. वाऱ्याच्या साध्या झोतातही त्याला नेमके अंगावर उतरता येत नाही, शिवाय ज्या उच्छ्वासाच्या मागाने तो येतो तोही विखरून जातो. पंखे श्रोत्यांच्या मागे, खाली वळवून, मंद गतीवर ठेवायचे, म्हणजे झोत बसलेल्यांच्या पायांवरून जातो आणि पात्यांचा आवाज तंबोऱ्याच्या खर्जात मिसळत नाही. ज्यांना हवे त्यांच्यासाठी खोबरेल तेलात मिसळलेले कडुनिंबाचे तेल वाटीत असते. गाणाऱ्यांच्या अंगावर पंखा नको. घशाला कोरड पडते.

दक्षिणेकडचे घर कित्येक वर्षे बंद होते. मालक परगावी, गच्चीवरची टाकी बिनझाकणाची, आणि अशा टाकीचे स्वच्छ पाणी म्हणजे हिवतापाच्या अॅनोफेलिसला हवी तशी जागा. तक्रार अर्ज लिहिण्यापेक्षा मी मालकांनाच सविस्तर पत्र लिहिले आणि टाकीतल्या अळ्यांचे छायाचित्र सोबत जोडले. त्यांनी किल्ली चाचांच्या नातवाकडे सुपूर्द केली. त्याने टाकी उपसून घासली, घट्ट बसणारे झाकण आणले, आणि आता शनिवारच्या फेरीत त्या गच्चीचाही जिना तोच चढतो.