वीज गेली, शटर कसे उघडायचे?

कोकण किनाऱ्यावरच्या आपल्या गावांत आखातातल्या कमाईने घरांचे रूप पालटले, हे नव्याने सांगायला नको. कौले गेली, स्लॅब आला. पडवी गेली, पोर्च आला. आता पोर्चच्या बाजूला गॅरेज आणि गॅरेजला मोटरवर चालणारे शटर. मुलगा सुट्टीवर येतो, मोटर बसवून घेतो, रिमोट अम्मीच्या हातात देतो आणि परत जातो. लोखंडी शटर वाकून उचलणे साठीतल्या बाईला झेपत नाही, म्हणून ही सोय चांगलीच आहे. पण मोटर बसवून घेणारा हजारो मैल दूर असतो आणि वीज जाते तेव्हा घरात असतात त्या बहुधा बायका, वडीलधारी माणसे आणि मुले. त्यांना ते शटर हाताने उघडता येते का?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागांत नारळी-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले. कित्येक गावांत वीज परत यायला काही आठवडे लागले. मोबाइलही बंद पडले. माझी थोरली बहीण त्याच पट्ट्यात राहते. आम्ही तिला आपा म्हणतो. त्या दिवशी शेजारच्या छपराचा पत्रा उडून आला आणि दुल्हेभाईंच्या खांद्याला खोल जखम झाली. आपाने ओढणी घट्ट बांधून रक्त थांबवायचा प्रयत्न केला. मोहल्ल्यातल्या पोरांनी कोयते, करवती घेऊन रस्त्यावर पडलेली झाडे तोडली. संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा झाला, गाडी मात्र गॅरेजमध्येच अडकून राहिली.

घरातून गॅरेजमध्ये जायला दार होते. गाडीची किल्ली होती, टाकीत पेट्रोल होते, शेजारचा मुलगा गाडी चालवायला तयार होता. चौघांनी मिळून शटर उचलून पाहिले, ते बोटभरही हलले नाही. भाचा कुवेतला, त्याचा फोन लागेना. शेवटी बहरीनला अनेक वर्षे मिस्त्रीकाम करून आलेले एक चाचा आले. त्यांनी विचारले, “साखळी कुठाय?” साखळी आहे हेच कुणाला ठाऊक नव्हते. शोभेसाठी मोटरवर पीओपीचे खोके केले होते आणि साखळी गुंडाळून त्यातच कोंबली होती. खोके फोडले, साखळी खाली सोडली आणि पाच मिनिटांत शटर वर गेले. दुल्हेभाईंना टाके पडले, धनुर्वाताचे इंजेक्शन मिळाले, अल्हम्दुलिल्लाह. पण ती पाच मिनिटे यायला दोन तास गेले होते.

चौघांनी जोर लावूनही शटर का हलले नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. मोटरचा गिअर आणि ब्रेक शटरला धरून ठेवतात, नाहीतर ते आपल्या वजनाने खाली कोसळेल. खालून रेटा दिला तर ती पकड सुटत नाही. हाताची साखळी मात्र त्याच गिअरला फिरवते. एक बाजू ओढली की शटर वर जाते, दुसरी ओढली की खाली येते. काम सुरू करण्यापूर्वी मोटरचे बटण बंद करायचे, म्हणजे मध्येच वीज आली तरी हात सापडणार नाही. काम झाल्यावर साखळी पुन्हा नीट अडकवून ठेवायची.

काही बंगल्यांत छताखाली सरकणारे, फळ्याफळ्यांचे दार असते. त्याच्या मधल्या पट्टीला बहुधा लाल दोरी लोंबकळत असते. ती ओढली की दार मोटरपासून सुटते आणि हाताने उचलता येते, कारण त्याचे वजन स्प्रिंगने तोललेले असते. मात्र दोरी ओढायची ती दार पूर्ण बंद असताना. दार वर असेल आणि स्प्रिंग तुटलेली असेल, तर दोरी ओढताच ते धाडकन खाली येते. बंद दारही उचलताना फार जड लागले, तर हट्ट न करता कारागिराला बोलवावे. आणि मोटरपासून सुटलेले दार बाहेरूनही उचलता येते, म्हणून रात्री आतून कडी लावायला विसरू नये. सरकत्या फाटकाच्या मोटरला किल्लीचे छोटे झाकण असते. किल्ली फिरवून आतला दांडा ओढला की फाटक ढकलता येते. ही किल्ली नेमकी कुठल्या तरी खणात हरवलेली असते.

ही अडचण फक्त आपल्या गावची नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात २०१७ च्या वणव्यांत वीज गेली आणि गॅरेजचे दार उघडता न आल्याने काहींचे जीव गेले. त्यानंतर तिथे कायदा झाला आणि १ जुलै २०१९ पासून घराच्या गॅरेजला नवी मोटर बसवताना बॅटरी सक्तीची झाली. आपल्याकडेही बॅटरी जोडून घेता येते, परवडत असेल तर जरूर घ्यावी. पण आठवडाभर वीज नसेल तर बॅटरीही संपते. मग हातच कामाला येतात.

शाळेत प्रयोग फळ्यावर काढून दाखवला की मुली माना डोलावतात, आणि परीक्षानळी हातात दिली की गोंधळतात. घरातही तसेच. म्हणून मोटर बसवणाऱ्याला शेवटचे पैसे देण्याआधी मेन स्विच बंद करायला सांगा आणि घरातल्या प्रत्येकाकडून दार उघडून घ्या. अम्मीकडून, सुनेकडून, आठवीतल्या मुलीकडूनही. साखळीपर्यंत हात पोचत नसेल तर ती लांब करून घ्या. खोक्याला झाकण ठेवायला सांगा. आपाच्या गॅरेजच्या भिंतीवर मी एक कागद चिकटवला आहे, आपासाठी उर्दूत आणि सुनेसाठी मराठीत. त्यावर पायऱ्या मोजून पाच आहेत. किल्ली कुठे टांगली आहे, तेही लिहिले आहे.

दर वर्षी मे महिन्यात आपण कौले शाकारतो, पन्हळी साफ करतो, सुके मासे भरून ठेवतो. त्याच आठवड्यात एकदा वीज बंद करून हे दार हाताने उघडून पाहा. भाचा गेल्या सुट्टीत आला तेव्हा आपाने त्याला खुर्चीवर बसवले आणि स्वतः साखळी ओढून दाखवली.