बहरीन : चार नाण्यांचा देश

आमच्या शाळेतला पृथ्वीगोल बराच जुना आहे. त्यावर पर्शियन आखातात ‘बहरीन’ असं नाव छापलंय, पण देश काही दिसत नाही. नुसतं एक टिंब! त्या टिंबावरून मागच्या महिन्यात आमच्या चौथीच्या वर्गात मोठी चर्चा झाली. तीच आज तुम्हांला सांगते.

झालं असं, की वर्गातल्या एका मुलीचे अब्बा सुट्टीवर आले होते. ते बहरीनमध्ये वायरमनचं काम करतात. दोन वर्षांतून एकदा दोन महिने घरी येतात. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. इथे घरटी कुणी ना कुणी कुवेतला, मस्कतला, दुबईला नाहीतर बहरीनला आहे. तर ही मुलगी रुमालाच्या गाठीत चार नाणी बांधून घेऊन आली. म्हणाली, “बाई, वर्गाला दाखवा ना!”

मी भिंग काढलं आणि नाणी वर्गात फिरवली. बहरीनच्या चलनाला दिनार म्हणतात. एका दिनारचे हजार फिल्स होतात. नाणी होती १०, २५, ५० आणि १०० फिल्सची. दहाच्या नाण्यावर खजुराचं झाड, पंचवीसच्या नाण्यावर एक जुनी मुद्रा, पन्नासवर शिडाची गलबतं आणि शंभरच्या दोनरंगी नाण्यावर राजचिन्ह. सगळी बघून झाल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, तो तर तेलाचा देश ना? मग तेलाची विहीर कुठाय?”

खरंच की! चारांपैकी एकाही नाण्यावर तेल नव्हतं. असं का बरं असेल? चला, एकेक नाणं हातात घेऊन बघू या.

पहिलं नाणं : खजूर

बहरीन हा एकसंध देश नाही, तो बेटांचा पुंजका आहे. मूळची तीसेक बेटं. शिवाय समुद्रात भर टाकून नवी जमीन केलीय ती वेगळीच. सगळं मिळून क्षेत्रफळ सुमारे ७८० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईपेक्षा थोडं जास्त. मुंबईहून विमानाने साडेतीन तासांच्या आसपास लागतात. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. आपली मधली सुट्टी झाली, तरी तिथे अजून सकाळच असते!

पाऊस तिथे नावालाच. वर्षभरात शंभर मिलिमीटरही नाही. आपल्या कोकणात तेवढा एका दिवसात पडतो. मग खजुराच्या बागा कशा वाढल्या? तर जमिनीखालून गोड्या पाण्याचे झरे उसळायचे. गंमत म्हणजे काही झरे समुद्राच्या तळाशी होते! माणसं कातडी पिशवी घेऊन खाऱ्या पाण्यात बुडी मारत आणि तळाचं गोडं पाणी भरून वर येत. ‘बहरीन’ या अरबी शब्दाचा अर्थच ‘दोन समुद्र’. एक खारा आणि दुसरा गोडा, असं पुष्कळजण सांगतात.

पण हे झरे आता राहिले नाहीत. विसाव्या शतकात कूपनलिका खणल्या, पंप बसले. वस्ती वाढली आणि उपसाही वाढला. जमिनीतलं पाणी खाली गेलं, त्यात समुद्राचं खारं पाणी शिरलं. अधारी नावाचा प्रसिद्ध झरा होता, तोही आटला. आज बहरीनचं पिण्याचं पाणी मुख्यतः समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यांतून येतं. म्हणजे पहिली संपत्ती अशी गेली!

एक झाड मात्र अजून उभं आहे. वाळवंटात, आसपास पाण्याचा टिपूस नसताना. त्याला म्हणतात ‘जीवनवृक्ष’. वय सुमारे चारशे वर्षं. आणि हे झाड कुणाच्या कुळातलं, माहीत आहे? दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, त्या शमीच्या!

दुसरं नाणं : मुद्रा

पंचवीस फिल्सवरची मुद्रा चार हजार वर्षांपूर्वीच्या दिलमून संस्कृतीची आहे. इराककडच्या प्राचीन लेखांत दिलमूनच्या व्यापाराचे उल्लेख सापडतात. ओमानकडचं तांबं या बेटावरून पुढे जायचं. आपल्या सिंधू संस्कृतीतल्या लोकांशीही त्यांचा व्यवहार होता. बहरीनच्या जुन्या किल्ल्याच्या टेकडीत सिंधू पद्धतीची वजनं सापडली आहेत आणि गुजरातमध्ये लोथलला आखाती बनावटीची गोल मुद्रा मिळाली आहे. वजन एक असलं की सौद्यात भांडण नाही. किती शहाणी माणसं!

त्या टेकडीला २००५ मध्ये आणि दिलमूनकाळातल्या हजारो दफन-टेकाडांना २०१९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

तिसरं नाणं : गलबत

हे नाणं आमच्या वर्गाला सगळ्यांत आवडलं, कारण आमच्या निम्म्या मुलांच्या घरी होडी आहे. बहरीनची गलबतं बांधायला सागवान जायचं ते आपल्या मलबार किनाऱ्यावरून. आणि गलबताच्या मालकाला तिथे म्हणत ‘नाखुदा’. आपण म्हणतो ‘नाखवा’! शब्दसुद्धा गलबतात बसून प्रवास करतात, बरं का.

ही गलबतं उन्हाळ्यात मोती काढायला जात. पाणबुड्या नाकाला चिमटा लावी, पायाला दगड बांधी आणि एका श्वासात तळाशी जाई. शिंपले गोळा केले की दोरीला हिसका द्यायचा. वरचा माणूस त्याला ओढून घ्यायचा. दिवसभरात अशा कितीतरी बुड्या! शेकडो शिंपले फोडावेत तेव्हा कुठे एखादा चांगला मोती हाती लागे. मोत्यांची मोठी बाजारपेठ होती आपली मुंबई. पाणबुड्या मात्र बहुधा नाखुदाच्या कर्जातच बुडालेला असे. बाप मेला तर कर्ज मुलाच्या गळ्यात पडायचं. मोती राण्यांच्या गळ्यात आणि कर्ज पोरांच्या!

मग जपानने शिंपल्यात मोती पिकवायची युक्ती काढली. तसे मोती स्वस्त पडू लागले. त्यातच १९२९ मध्ये जगभर मंदी आली. मोती घ्यायला गिऱ्हाईक उरलं नाही आणि बहरीनचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा काही वर्षांत बसला. मुहर्रक गावातली मोती व्यापाऱ्यांची जुनी घरं आज जागतिक वारसा म्हणून जपली आहेत.

ही झाली दुसरी गेलेली संपत्ती.

नाण्यावर नसलेली विहीर

आता तेलाकडे वळू. फ्रँक होम्स नावाचा न्यूझीलंडचा एक खटपट्या गृहस्थ होता. १९२५ मध्ये त्याने बहरीनमध्ये विहिरी खणून दिल्या. कशाच्या? तर पाण्याच्या! त्या बदल्यात त्याला तेल शोधायची परवानगी मिळाली. पुढे एका अमेरिकन कंपनीने जबल दुखान या डोंगराच्या पायथ्याशी खोदाई केली. ‘डोंगर’ म्हणायचं एवढंच, उंची जेमतेम १३४ मीटर! तिथे १९३२ मध्ये तेल लागलं. आखाताच्या अरबी किनाऱ्यावरचं हे पहिलं तेल. कुवेत आणि सौदी अरेबियाला ते सहा वर्षांनंतर मिळालं. मोत्यांचा धंदा बुडत असतानाच तेल हाती आलं. नशीबच म्हणायचं!

तेलाच्या पैशातून रस्ते, दवाखाने आणि शाळा वाढल्या. शाळांची सुरुवात मात्र तेलाच्या आधीच झाली होती. मुलांची पहिली आधुनिक शाळा १९१९ मध्ये आणि मुलींची १९२८ मध्ये निघाली. मला हे वाचून फार बरं वाटलं.

पण शेजाऱ्यांच्या मानाने बहरीनचं तेल थोडंच. सौदी अरेबियाबरोबर एका समुद्रातल्या तेलक्षेत्राचं उत्पन्न तो वाटून घेतो आणि शुद्धीकरणासाठी समुद्राखालच्या नळातून सौदीचं कच्चं तेल आणतो. म्हणून इथल्या लोकांनी लवकरच दुसरे उद्योग शोधले. १९७१ पासून ॲल्युमिनिअम तयार होऊ लागलं. परदेशी बँका आल्या. १९८६ मध्ये सौदीपर्यंत २५ किलोमीटरचा पूल झाला. आज देशाच्या एकूण उत्पन्नात तेलाचा वाटा पाव हिश्श्याहूनही कमी आहे.

तरी मेख आहेच. सरकारच्या तिजोरीत येणाऱ्या पैशातला निम्म्याहून अधिक अजूनही तेल आणि वायूचा असतो. २०१४ मध्ये तेलाचे भाव कोसळले तेव्हा सरकारचं कर्ज वाढत गेलं. २०१८ मध्ये शेजारच्या तीन देशांनी १० अब्ज डॉलरची मदत कबूल केली. २०१९ पासून वस्तूंवर ५ टक्के आणि २०२२ पासून १० टक्के कर बसला. त्याच २०१८ मध्ये समुद्राखाली मोठा साठा सापडल्याचं जाहीर झालं, पण ते तेल घट्ट खडकात अडकलेलं आहे. काढणं सोपं नाही आणि स्वस्तही नाही.

चौथं नाणं : राजचिन्ह

बहरीनवर १७८३ पासून खलिफा घराण्याची सत्ता आहे. मधली बरीच वर्षं इंग्रजांचा वरचष्मा होता. तो १५ ऑगस्ट १९७१ ला संपला. तारीख ओळखीची आहे ना? आणखी एक ओळख सांगू? १९६५ पर्यंत तिथे रुपया चालायचा! १९५९ मध्ये तर आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या.

आणि पाचवंही एक नाणं होतं, ५०० फिल्सचं. त्यावर मोत्याचं स्मारक होतं. २०११ मध्ये हजारो लोक त्या स्मारकापाशी जमून जास्त हक्क मागू लागले. सरकारने बळ वापरून त्यांना हटवलं, स्मारक पाडून टाकलं आणि नाणंही चलनातून काढून घेतलं. नाण्यावर काय ठेवायचं आणि काय नाही, तेही कुणीतरी ठरवत असतं, मुलांनो.

एक प्रश्न

हे सगळं सांगून झालं. नाणी रुमालात परत बांधता बांधता ती मुलगी म्हणाली, “बाई, म्हणजे तेल संपलं की अब्बा घरी येणार?”

वर्ग हसला. मला मात्र चटकन उत्तर सुचलं नाही. बहरीनची लोकसंख्या पंधरा लाखांच्या वर आहे. त्यातले निम्म्याहून अधिक लोक बाहेरून कामाला आलेले, आणि त्यांत भारतीय सगळ्यांत जास्त. तिच्या घराचं छप्पर, दादाच्या कॉलेजची फी, आजीची औषधं, सगळं त्या पैशातून चालतं. आधी आमच्या गावात मुंबईची मनीऑर्डर यायची, आता आखातातून पैसे येतात. म्हणजे आमचं गावही एका विहिरीवरच जगतंय की! फक्त ती विहीर समुद्रापलीकडे आहे.

मी तिला खरं तेच सांगितलं. तेल एका दिवसात संपत नाही. झरे आटले, मोती गेले, तरी बहरीन राहिलं. कारण माणसांना व्यापार येत होता आणि नवं काम शिकायची तयारी होती. तुझे अब्बा हाताने काम जाणणारे आहेत. ते कौशल्य त्यांच्याबरोबर घरीही येईल. पण इथे काम मिळायला हवं, ते कसं उभं राहील हे आपण मोठ्यांनी आणि पुढे तुम्ही बघायचं.

मग मी सगळ्यांना आपल्या गावाचं नाणं काढायला सांगितलं. कुणी हापूस काढला, कुणी होडी, कुणी भाताची लोंबी. तिने विमान काढलं.

“जाणारं की येणारं?” मी विचारलं.

“येणारं, बाई.”

तुमच्या गावाच्या नाण्यावर काय असेल? आज जेवताना आईबाबांना विचारा. आणि ती गोष्ट उद्या नाहीशी झाली तर तुमचं गाव काय करेल, तेही विचारायला विसरू नका.