धूरही पाळायला हवा

पोटुशी बाईला आपल्याकडे किती गोष्टी पाळायला लावतात! ग्रहणात विळी हातात घ्यायची नाही, तिन्हीसांजेला बाहेर पडायचे नाही, पपई खायची नाही. थोरली माणसे हे मायेपोटीच सांगतात. पण तीच दोन जिवांची बाई दोन्ही वेळा चुलीपुढे बसून ओलसर पऱ्हाटी फुंकत असते, डोळ्यांना पाणी लागलेले असते, त्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही.

मी पुष्कळ वर्षे आमच्या गावची अंगणवाडी सांभाळली. बाळाचे वजन अडीच किलोच्या आत भरले की ते कमी वजनाचे. असे बाळ नीट ओढून पीत नाही, लवकर गार पडते, दुखणी त्याला चटकन धरतात. आईचे वय लहान, अंगात रक्त कमी, कामाचा रगाडा, दोन बाळंतपणांत अंतर नाही, ही कारणे आम्हाला पाठ होती. धुराचे नाव त्या यादीत फार उशिरा आले.

चुलीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या लाल द्रव्याला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. पोटातल्या बाळाला प्राणवायू मिळतो तो आईच्या रक्तातूनच. तिथे हा वायू जागा अडवून बसला की बाळाच्या वाट्याला कमी येते. शिवाय धुरात केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही बारीक कण असतात. २०१९ साली बेल्जियममधल्या संशोधकांना वारेच्या बाळाकडच्या बाजूला काजळीचे कण सापडले. त्या बायका काही चुलीपुढे बसणाऱ्या नव्हत्या. बाहेरच्या हवेतलीच ती काजळी. मग आपल्या बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात काय होत असेल? अशा हवेत बाळ कमी वजनाचे होण्याचा, दिवस भरण्याआधी जन्मण्याचा, क्वचित पोटातच जाण्याचा धोका वाढतो.

२०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि आमच्या गावात घरोघरी शेगडी दिसू लागली. पण सिलिंडर पुरवून वापरायचा, म्हणून गॅसवर चहा आणि पाहुण्यांचे जेवण, भाकरी चुलीवरच. यंदा सूनबाईला दिवस गेले तेव्हा मी म्हटले, "आता भाकरी गॅसवर होईल."

हे म्हणाले, "चुलीवरच्या भाकरीची चव त्याला नाही. आणि सिलिंडर पुरायचा कसा?"

"चव नऊ महिने विसरू. अंघोळीचे पाणी अंगणातल्या चुलीवर तापेल, आणि ती चूल मी पेटवीन."

थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "आपण नाही का चुलीपुढेच दिवस काढले?"

"काढले, जाऊबाई. पण तुमचे पहिले आणि माझे दुसरे किती दिवस जगले, तेही आठवा."

त्या गप्प झाल्या. ती बाळे धुरानेच गेली असे मी म्हणत नाही. ते आता कोणालाच सांगता येणार नाही. पण जे टाळता येते ते सुनेच्या वाट्याला का ठेवायचे?

नुसती शेगडी आली म्हणजे झाले, असेही नाही. भारतासह चार देशांत सुमारे ३,२०० गरोदर बायकांची पाहणी झाली. निम्म्या जणींना गॅस दिला, तरी बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, असे २०२२ साली प्रसिद्ध झाले. म्हणून पोटभर जेवण, लोहाच्या गोळ्या, वेळच्या वेळी तपासणी आणि दुपारची विश्रांती ही हवीतच. धूर टाळायचा तो यांच्या जोडीने, आणि जमेल तितक्या लवकर.

ज्यांच्याकडे गॅस परवडत नाही त्यांनी सरपण पावसाआधी कोरडे करून ठेवावे, चूल ओसरीत किंवा अंगणात आणावी, छपराला धुराडे काढावे, आणि चूल पेटवायचे काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. मशेरी घरात भाजू नये. पोटुशीने ती लावूही नये, कारण तंबाखू बाळालाही पोचते. बिडी ओढणाऱ्याने बाहेर जावे. उसाचे पाचट पेटवण्याऐवजी शेतातच कुजवावे. जमिनीलाही ते लागते.

एवढे सगळे पाळतो, तर पोटुशीसाठी धूरही पाळू या. त्यात खर्च आहे, थोडी गैरसोयही आहे. पण ती गैरसोय सासूने, नवऱ्याने, जावेने वाटून घ्यायची असते. एकट्या सुनेने नव्हे.