कॅशची बॅटरी: काही टिपणे

• यूपीएस आहे, मग रेड कंट्रोलरवर वेगळी बॅटरी कशाला, असं खरेदीच्या वेळी हमखास विचारलं जातं. बाहेरची वीज गेली तर यूपीएस सांभाळेल. पण सर्व्हरचा पॉवर सप्लायच जळला किंवा कुणी चुकीची केबल उपसली, तर तो काही करू शकत नाही.

• राइट-बॅकमध्ये कंट्रोलर डेटा आपल्या रॅममध्ये, म्हणजे कॅशमध्ये, घेतो आणि ‘लिहून झालं’ अशी पोच डेटाबेसला लगेच देतो. डिस्कवर तो डेटा मागाहून जातो. नेमकी त्याच वेळी वीज गेली, तर पोच मिळालेले व्यवहार गायब. बॅटरी असते ती दिलेली पोच खरी ठरावी म्हणून.

• लिथियम-आयन बॅटरी रॅमला वीज पुरवत राहते. बऱ्याच कंट्रोलरवर फार तर ७२ तास, तेही नवी असताना. शुक्रवारी रात्री मशीन बंद पडलं आणि सोमवारी सुट्टी असली, तर मंगळवारी सकाळी कॅश रिकामी. सर्व्हरमधल्या उष्णतेने बॅटरीची क्षमता वर्षागणिक घटते.

• लर्न सायकल: क्षमता तपासायला कंट्रोलर बॅटरी पूर्ण उतरवून पुन्हा भरतो. अनेक कंट्रोलर तेवढा वेळ राइट-थ्रूवर जातात, म्हणजे डिस्कवर लिहून झाल्यावरच पोच देतात. भर दुपारी बिलिंग रखडतं, सगळे नेटवर्कला दोष देतात आणि कारण कंट्रोलरच्या लॉगमधल्या एका ओळीत असतं. ही सायकल रात्रीची लावावी.

• सुपरकपॅसिटर आणि फ्लॅश: वीज जाताच कपॅसिटर जेमतेम रॅममधला डेटा फ्लॅशवर उतरवण्यापुरती ऊर्जा देतो. पुढे विजेची गरजच नाही. मशीन महिनाभर बंद राहिलं तरी डेटा जागेवर. मूळचं एलएसआयचं कॅशव्हॉल्ट याच पद्धतीचं. नवीन खरेदीत माझं मत निःसंकोच याच बाजूला.

• बॅटरी खराब असतानाही राइट-बॅक चालू ठेवायची सोय सेटिंगमध्ये असते. वेगासाठी ती वापरू नये. मंद सर्व्हर परवडतो, अर्धवट लिहिलेला डेटाबेस नाही.

• डिस्कच्या स्वतःच्या कॅशला या बॅटरीचं संरक्षण नसतं. हार्ड डिस्कवर ती बंद ठेवावी. एसएसडी घेताना आत पॉवर-लॉस प्रोटेक्शनचे कपॅसिटर आहेत ना, हे पाहावं.

• एएमसीच्या करारात बॅटरी बदलण्याचं कलम वेगळं लिहून घ्यावं, आणि ‘बॅटरी डिग्रेडेड’चा मेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जात नाही ना, हे आजच तपासावं.