डबा सुकवत नाही



भात पिवळं पडायला लागलंय. कापणी झाली की त्याच ओलीवर वाल टाकायचे, म्हणून या आठवड्यात बियाण्याचे डबे माळ्यावरून खाली काढले. फोटो टाकल्यावर दोघातिघांनी विचारलं, "डबे कुठले? कोणते घ्यावेत?" उत्तर दोन ओळीत देता आलं असतं. पण या डब्यांपायी मी एकदा घरचं बी जवळजवळ घालवून बसलो होतो, तेव्हा सगळंच सांगतो.

आमचं घर कळंबला, समुद्रापासून फार लांब नाही. सुरूच्या झाडांतून येणारा वारा थेट अंगणात. खारी हवा, त्यात चार महिने पाऊस. पत्र्याचा डबा आमच्याकडे दोन-तीन वर्षांत गंजतो, झाकणाची कड आधी जाते. आजीच्या वेळी बी मडक्यात, राखेत, वर शेणामातीने तोंड लिंपून ठेवायचे. मडकी फुटली, लिंपणारे हात गेले आणि घरात प्लॅस्टिकचे डबे आले.

आमचे वाल आजीच्या माहेरून आलेले. दाणा चपटा, शेंग लवकर धरते. असलं बी दुकानात मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चला निघतं आणि नोव्हेंबरात पेरायचं. म्हणजे अख्खा पावसाळा त्याला घरात काढायचा असतो. पालघर-वसईच्या पट्ट्यात घरचं बी ठेवणाऱ्या प्रत्येकाची खरी परीक्षा याच चार महिन्यांत असते.

डब्यावर माझा विश्वास बसला तो १७ मे २०२१ला. तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यासमोरून गुजरातकडे गेलं त्या दिवशी आमची कौलं उडाली. माळ्यावर पाणी धो धो. गोणीतलं भात भिजलं, पण रबरी रिंगच्या झाकणाच्या डब्यातले वाल खडखडीत राहिले. मी सगळ्यांना दाखवत फिरलो. पुढच्या हंगामात वीस किलोचा मोठा डबा आणला, चार बाजूंनी क्लिपा असलेला, आणि सगळं बी एकाच ठिकाणी भरलं.

नोव्हेंबरात डबा उघडला तर कुबट वास. वरचे दाणे काळपट, मधल्या थरात पांढरी बुरशी. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले, आठव्या दिवशी मोजले तर ३१ उगवलेले. बायको काही बोलली नाही, आई मात्र डब्याजवळ बसून राहिली. पेरायला बी नव्हतंच, पण मोठी गोष्ट ही की ते पुन्हा आणायचं कुठून?

डबा खराब निघाला म्हणून मी दुकानदाराला शिव्या घालत होतो. त्याच दिवसांत कुडाळचे मामा आले होते. मामांकडे पीक संरक्षणाची परवान्याची बंदूक आहे. सिंधुदुर्गात डुक्कर आणि माकडांनी शेती कशी होते ते तिकडच्या मंडळींना ठाऊक आहे. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे, आणि निवडणूक लागली की परवानेधारकांना हत्यारं पोलिसांकडे जमा करायला सांगतात हे मामांच्या तोंडून दर वेळी ऐकतो. मामांची बंदूक बारा बोअरची. जुनी काडतुसं कागदी कवचाची असायची. पावसाळ्यात ती ओल धरून फुगायची. फुगलेलं काडतूस नळीत जात नाही, रेटून घातलं तर निघत नाही. आताची प्लॅस्टिकच्या कवचाची फुगत नाहीत, पण बुडाच्या पितळेला खारी हवा लागतेच. म्हणून मामा काडतुसं आधी कोरड्या फडक्याने पुसतात, मग लहान डब्यात उभी लावतात, खरेदीची तारीख लिहून चिठ्ठी आत टाकतात, आणि डबा बंदुकीपासून वेगळा, कुलपात ठेवतात.

माझा डबा त्यांनी उलटासुलटा केला, रिंग बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाले, "भाच्या, डबो चांगलो आसा. डबो काय सुकयना नाय. सुकलला असात ता सुक्या ठेवता, इतक्याच."

म्हणजे ओल मीच आत कोंडली होती. पण कशी? दोन दिवस कडक ऊन दिलं होतं, दाणा दाताखाली कट् वाजत होता.

उत्तर आगाशीच्या आत्याने दिलं. ती आजीच्या पद्धतीने थोडे वाल काचेच्या बाटलीत, चाळलेल्या राखेत ठेवते. बी मागायला गेलो तर तिने पहिला प्रश्न विचारला, "भरलंस कधी? किती वाजता?"

"सकाळी, सातला. रात्री पडवीत ताडपत्रीवर होतं."

"मग झालं तर! रात्रीची हवा प्यायलं ना ते. बी दुपारचं भरायचं रे, दवाचं नाही."

एवढीच चूक. दिवसभर सुकलेला दाणा रात्रीच्या खाऱ्या, दमट हवेत परत ओल घेतो. गोणीत असता तर पुढच्या उन्हात ती गेलीही असती. हवाबंद डब्यात तिला बाहेर पडायला वाट नाही. वर पावसाळ्यात मी चार वेळा डबा उघडून पाहिला, म्हणजे चार वेळा पावसाची हवा आत घेतली.

कृषी क्षेत्रातल्या मंडळींना हे आकड्यांत माहीत असेल. भाताच्या प्रमाणित बियाण्याला साध्या पिशवीत १३ टक्के ओल चालते, पण हवाबंद पॅकिंगमध्ये तीच मर्यादा ८ टक्क्यांवर येते. डबा जितका घट्ट, बी तितकं जास्त सुकं हवं. बियाणेशास्त्रात हॅरिंग्टनचा ठोकताळा आहे: साधारण ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान ओल १ टक्क्याने कमी झाली की बियाचं आयुष्य दुपटीच्या आसपास वाढतं.

आता डब्याचं. मी घेताना काय बघतो ते लिहितो.

पहिलं, बुडाचा त्रिकोण. आत २ असेल तर एचडीपीई, ५ असेल तर पीपी. हे दोन चांगले. ओल अडवायला २ नंबर उत्तम. १ नंबर म्हणजे पाण्याची बाटली. एका हंगामाला, थोड्या बियाला चालते, पण हवेतली ओल हळूहळू आत घेते. ६ नंबरचा काचेसारखा कडक डबा घेऊ नका, पडला की तडकतो, आणि केसाएवढी तड दिसतही नाही. कुठलंही प्लॅस्टिक काचेइतकं घट्ट नसतं हे लक्षात ठेवा.

दुसरं, झाकण. आत रबराची रिंग हवी आणि ती सगळीकडून सारखी दबली पाहिजे. घरी आणल्यावर रिकाम्या डब्यात कोरडा टिश्यू पेपर टाकायचा, झाकण लावायचं, बादलीत दगडाखाली रात्रभर बुडवायचा. सकाळी बाहेरून पुसून उघडा. कागद ओला, तर डबा डाळीला वापरा, बियाला नको. क्लिपवाल्या डब्यात क्लिप आधी तुटते, म्हणून लहान डबे मी आता आट्याच्या झाकणाचेच घेतो.

तिसरं, माप. एक डबा म्हणजे एका वेळच्या पेरणीचं बी. तीन-चार किलोच्या वर नाही. एक बिघडला तर बाकीचे वाचतात, आणि एक उघडताना दुसऱ्यांना हवा लागत नाही. डबा गळ्यापर्यंत भरा. अर्ध्या रिकाम्या डब्यात अर्धी हवाच असते, तिच्यात ओलही असते आणि भुंग्याला श्वासही.

चौथं, जागा. प्लॅस्टिकला उन्हाचं वैर. पत्र्याखाली किंवा खिडकीत ठेवलेला डबा ठिसूळ होतो. उंदीर प्लॅस्टिक कुरतडतो, म्हणून भिंतीपासून सुटा, फळीवर. जमिनीवर तर नाहीच. २०१८च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेलं, नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून गाड्या थांबल्या, ते आपण कोणी विसरलेलो नाही.

पाचवं, औषधाचा कॅन किंवा केमिकलचा निळा ड्रम कितीही धुतला तरी बियाला, धान्याला वापरायचा नाही. फुकट मिळतो म्हणून मोह होतो. रिकामा औषधाचा कॅन भोक पाडून निकामी करायचा.

भरताना: दुपारी दोन-तीनच्या सुमारास, उन्हातून काढून अर्धा तास सावलीत निववून. तापलेलं बी भरलं तर झाकणाच्या आतून घाम सुटतो. आधी मिठाची परीक्षा घ्या. तव्यावर भाजून गार केलेलं मीठ आणि मूठभर बी काचेच्या बरणीत घालून हलवा, दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर, अजून ऊन द्या. नाही चिकटलं तरी लगेच भरायचं असं नाही, ही परीक्षा फक्त ओलं बी पकडते. आपल्या किनाऱ्यावर नुसत्या उन्हाने ८ टक्क्यांपर्यंत जाणं अवघड. म्हणून तळाशी फडक्यात बांधून सिलिका जेल ठेवा, रंग बदलणारं मिळालं तर ओल धरलेली कळते. ते नसेल तर तांदूळ चांगले भाजून, झाकून गार करून पुरचुंडीत बांधा. चाळलेली कोरडी राखही चालते. भाताचं बी मात्र पोत्याने असतं, ते इतकं सुकवणं होत नसेल तर हवाबंद करूच नका, कोरड्या गोणीत, हवेशीर जागी बरं.

शेवटचं म्हणजे चिठ्ठी. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो. टॅग आणि लेबलावर मिळून लॉट नंबर, तपासणीची तारीख, उगवण, सगळं छापलेलं. घरच्या बियाला यातलं काहीच नसतं. मामांच्या डब्यातल्या चिठ्ठीचं महत्त्व मला तेव्हा कळलं. मी आता एक चिठ्ठी आत आणि एक बाहेर लावतो: कुठल्या तुकड्यातलं, कधी निघालं, किती ऊन दिलं, किती वाजता भरलं. पेन्सिलने लिहितो, शाई पसरते.

आत्याने त्या वर्षी दोन ओंजळी वाल दिले. बांधाकडेच्या एका पट्ट्यात लावले, एक शेंग खाल्ली नाही, सगळं बी धरलं. दुसऱ्या वर्षी दोन वाफे, तिसऱ्या वर्षी अर्धा तुकडा. परवा गोणपाट उघडून मोजलं: शंभरात ८८. आईने मोजलेलं परत मोजलं आणि मग चहा ठेवला.

आता दर वर्षी एक डबा आगाशीला आत्याकडे जातो, एक कुडाळला मामांकडे. डबा कितीही चांगला असो, सगळं बी एका घरात ठेवायचं नाही.

तुमचेही डबे या आठवड्यात खाली काढा. शंभर दाणे भिजत घाला आणि किती उगवले ते इथे कळवा. कमी निघाले तर पेरणीला अजून वेळ आहे. कोणाकडे मागायचं ते आत्ताच ठरवता येईल.